एकोणसाठ की साठ

...आणि कावळा यायलाच तयार नाही! तुम्हाला सांगतो, सिंगापुरात, सेंगकांगला आमच्या ब्लॉकखाली, सायकल स्टँडमागच्या गवतावर, लिटिल इंडियातून आणलेल्या केळीच्या पानावर वडे, खीर, भात, सगळं संजीवनीच्या आवडीचं वाढून मी पाऊण तास उन्हात उभा; बायकोचं वर्षश्राद्ध हो, साळुंक्या येऊन डोकावून जातायत, कावळा मात्र समोरच्या झाडावर बसून बघतोय, अगदी तिच्यासारखी मान तिरकी करून! शेजारी लेक अवनी, तिचं आपलं इथल्या सिंगापुरी 'लाह'सकट चालू, "बाबा, लवकर लाह! बर्ड फीडिंगला फाइन आहे!" अगं, मी काय हौसेने चारतोय?

कावळा शिवत नाही म्हणजे काहीतरी इच्छा राहिली. म्हटलं, अवनीच्या लग्नाची घाई करणार नाही... ढिम्म. साखर सोडतो... ढिम्म. तुझ्या कुंड्यांना रोज पाणी घालीन... त्याने पाठच फिरवली. कुंड्या केव्हाच वाळल्यात, त्याला वरून दिसत असणार!

आणि मला माहीत होतं हो, तिला काय हवंय ते. एकोणसाठ की साठ! संख्याशास्त्र शिकवायची ती, आणि वेड कसलं? जुन्या अमेरिकन बेसबॉलचं! १८८४ साली रॅडबर्न नावाच्या पिचरने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याने, एका मोसमात किती सामने जिंकले? काही पुस्तकांत एकोणसाठ, काहींत साठ. एका सामन्यात तो मधूनच आला, मग विजय त्याच्या नावावर की आधीच्या पिचरच्या? ती म्हणायची, "त्या वेळच्या स्कोअररने त्याला दिला ना? मग साठ!" मी म्हणायचो, "आजच्या नियमाने एकोणसाठ!" मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही... पण सहा-सहा महिन्यांनी जहाजावरून घरी आल्यावर माणसाने बोलायचं काय? चप्पल काढता काढता मी म्हणायचो, "एकोणसाठ," आतून फोडणीच्या आवाजावर आवाज चढवून ती, "साठ!" की समजायचं, घरी पोचलो. सव्वीस वर्षं!

गेलं वर्षभर दार उघडून "एकोणसाठ" म्हणतोय. फ्रिज गुरगुरतो, बस्स.

शेवटी अवनीच रडवेली होऊन म्हणाली, "बाबा, जस्ट से इट लाह." मी हात जोडले. "बरं बाई... साठ."

तुम्हाला सांगतो, अशी झेप घेतली त्याने, थेट वडाच उचलला! जिंकली. अवनी म्हणाली, "आई खूश."

असेल हो, खूशच असेल... वर आलो, दार उघडलं, चप्पल काढली, तोंड उघडलं... आणि मिटलं. मान्य करून बसलोय ना, साठ!