सर्व यंत्रे बंद करावीत

हॅलो?… कोण?… अगं छकुले, तू! ताप उतरला का?… मग एवढं किंचाळायला काय झालं? कान गेला माझा!

… हो, हो… अगं ऐक ना… ऑफिसातच आहे. कार्यालय अधीक्षक सहाच्या आत घरी गेलेली पाहिलीस कधी?

… तुमच्या खोलीतलं? चंद्राकडे चाललेल्या यानाचं इंजिन?… बंद आहे ना. मीच केलं… मंगळवारी. तू तापाने आडवी, तुझा तो कामातला जोडीदार परिसंवादात भाषणं ठोकायला गेलेला, आणि इथे रिकाम्या खोलीत यंत्र आपलं चालूच! कुणाला काही पडलेलीच नाही… अगं, परिपत्रक आहे! ‘शेवटी जाणाऱ्याने सर्व यंत्रे बंद करावीत.’ मीच काढलंय, जिन्यात लावलंय.

… इंजिन म्हणजे यंत्र नाही तर काय, माझा जावई आहे?

… कसं म्हणजे? पडद्यावर बटण होतं. त्याने विचारलं, ‘इंजिन थांबवायचं?’ मी म्हटलं, हो. परत विचारतंय, ‘नक्की?’ एकतीस वर्षं नोकरी झाली माझी, मला विचारतंय नक्की का!

… ओरडू नकोस, मावशी आहे मी तुझी… अगं, तूच म्हणाली होतीस ना, आयन इंजिनाचा जोर म्हणजे तळहातावर ठेवलेला एक कागद? चौदा महिने झाले, अजून वाटेतच! माझी पेन्शनची फाइलसुद्धा याच्यापेक्षा जोरात सरकते.

… हं… हं… म्हणजे जोर चिमूटभर, पण सलग, म्हणून वेग साठत जातो… खंड पडला की गणित चुकतं… बरं बाई. पण विजेचं बिल?… काय? वीज इथली नाहीच? यान तिथल्या तिथे उन्हातून घेतं?… मग मंगळवारपासून आपला मीटर मंद कशाने झाला?… तुमच्या खोलीचा एसीपण मीच बंद केला, त्याने. अच्छा.

… आज? आज रात्रभर चाललं नाही तर काय?… चंद्राच्या ओढीत शिरणारच नाही? बाजूने निघून जाईल?… परत वळवायला इंजिनाला लागणारा वायू तेवढा उरलेला नाही… अगं, मग तुझी नऊ वर्षं?… रडू नकोस गं. छकुले, रडू नकोस. चुकलं माझं. साफ चुकलं.

… करते चालू. पण सहानंतर यंत्र चालू ठेवायचा फॉर्म… तीन सह्या, आणि साहेब तर निघाले… खड्ड्यात गेला म्हणतेस? अगं, तो मीच तयार केलाय!… बरं. गेला खड्ड्यात. थांब, वरच्या फोनवर जोडते तुला.

… हॅलो? हं, पोचले… दम लागला गं… पडद्यावर… ‘इंजिन सुरू करायचं?’ हो… ‘नक्की?’ हो रे बाबा, नक्की!… निळा आकडा हलतोय. वाढतोय! छकुले, चाललं गं तुझं!

… कोण?… अहो, वॉचमनकाका, बटणाला हात लावू नका!… सहा वाजले, माहितीये मला… फॉर्म नाहीये… सह्याही नाहीत… अगं, ते ऐकत नाहीत. ‘मॅडम, तुम्हीच मेमो दिला होता मागे,’ म्हणतायत. आता मजल्याचा मेन स्विचच ओढायला निघालेत!… अहो, थांबा! जिवाशी खेळ आहे पोरीच्या!…

… काय? ओढू देत?… काय बोलतेस?… हा पडदा मेला तरी तिकडचं इंजिन चालूच?… आणि इथून कुणालाच बंद करता येणार नाही? मलासुद्धा?… सकाळपर्यंत?

… काका! अहो काका, बघत काय राहिलात? परिपत्रक म्हणजे परिपत्रक! ओढा तो मेन! पंखा, दिवा, पडदा, एकूण एक यंत्र… हो हो, फोनपण! छकुले, तू झोप आता, सकाळी मी—