गव्हाणीत खुडूक कोंबडी

मैना : आत्याबाई, ती गव्हाण दारातनं उचला आधी. मग करंज्यांचं बघू.

पारूबाई : उचलून कुठं ठिवू? तुज्या डोक्यावर? उद्या नाताळ. पोरांनी सकाळधरनं खोका खरवडलाय, धर्माजीच्या खळ्यावरनं पेंढा आनलाय. बघ की, कशी झ्याक झालीय.

मैना : झ्याक झालीय हो. पण रिकामी आहे.

आवडी : रिकामीच ठेवत्यात, आये! बाळ येशू रात्री ठेवायचा. फादर म्हनले, जन्म व्हायच्या आधी बाळ दाखवायचं नाय.

मैना : फादरांच्या घरात कोणी पोटुशी नाही.

पारूबाई : ह्ये मातर खरं.

मैना : हसू नका. मागच्या खेपेला आठव्यातच पाळणा बांधला मी, हौसेनं. पाळणा राहिला आणि बाळ गेलं.

पारूबाई : तवा मी सांगत व्हते, रिकामा पाळना टांगू नको. तर मलाच म्हनलीस, आपन ख्रिस्ती मानसं, असलं काय मानायचं नाय. सिस्टरांकडं सातवी शिकलेली तू.

मैना : आता मानते.

पारूबाई : बरं. मान. रिकामी नको, एवढंच ना? आवडे, ती काळी खुडूक कुठंय?

आवडी : चुलीमागं. पाटीत. अंड्यांवर बसलीय.

पारूबाई : आन हिकडं. पाटीसकट उचल आन ठेव त्या पेंढ्यात. हाताला फडकं गुंडाळ, न्हायतर बोट ठिवायची न्हाय ती.

मैना : येशूच्या गव्हाणीत कोंबडी?

पारूबाई : का? बेथलेहेमात कोंबड्या नव्हत्या व्हय? चित्रात गाय काढत्यात, गाढव काढत्यात, मेंढरं काढत्यात. कोंबडी कुनी काढत नाय. चित्रं काढनारे समदे बाप्ये. त्यांना अंडं ताटात आल्यावर दिसतं.

आवडी : ही बघ, ठेवली पेंढ्यात. खरंच व्हती का गं आजे, येशूच्या गोठ्यात कोंबडी?

पारूबाई : माज्या आजीच्या आजीनं डोळ्यांनी बघितली.

मैना : तुमची आजीची आजी बेथलेहेमला कशाला गेली होती?

पारूबाई : मिरच्या विकायला. बाजार व्हता त्या दिवशी.

मैना : पोरं ऐकतात हो तुमचं. परवा आपला शुक्रा शाळेजवळ सांगत होता, इर्शाळगडाला जे भोक आहे ते माझ्या आजोबांनी पाडलं, सुईत दोरा ओवतात तशी वाट ओवायची होती म्हणून.

पारूबाई : मंग? पाडलंच व्हतं. सुट्टीच्या दिवशी.

मैना : आवडे, जा, शुक्राला बोलाव. मघापासनं दिसत नाही तो.

आवडी : हितंच हाय, मोरीपाशी. चांदनीचे कागद चिकटवतोय. खळ समदी केसांना लागलीय.

मैना : मग त्याचं डोकं पूस जा. लगेच येऊ नको.

आवडी : जाते की. वराडतीस कशाला?

(आवडी बाहेर जाते. मैना लाटणं पोळपाटावर ठेवते.)

मैना : आत्याबाई, सकाळपासून हललं नाही.

पारूबाई : काय?

मैना : बाळ. पहाटे दूध तापवताना हललं होतं. मग नाहीच. आधी वाटलं, कामात कळलं नसेल. मग बसून बघितलं. नाही.

पारूबाई : आन ह्ये मला आत्ता सांगतीस? गव्हानीवरनं भांडत बसलीस मगाधरनं!

मैना : तोंडातनं काढलं की खरं होईल असं वाटलं.

पारूबाई : वाटलं! सोड ते लाटनं. ऊठ. हळू. डाव्या अंगावर नीज. उशी पोटाखाली घे. हां. सकाळधरनं खाल्लंस काय?

मैना : चहा.

पारूबाई : आन?

मैना : चहाच. आज उपास धरला मी.

पारूबाई : पोटुशीला उपास नसतो. फादरच सांगत्यात की, वेदीवरनं.

मैना : याच्यासाठीच धरला. म्हटलं, एवढं तरी करावं.

पारूबाई : त्याच्यासाठी त्यालाच उपाशी ठिवलंस. शाबास. ह्ये घे, गूळ-पानी. पी. समदं. मला बूड बघू दे भांड्याचं. आन ही करंजी खा.

मैना : करंजी रात्रीच्या प्रार्थनेनंतर...

पारूबाई : खा म्हनते ना! देवाला मी सांगते काय सांगायचं ते.

आवडी : आजे, शुक्राचं डोकं... आई का निजली?

पारूबाई : आवडे, हिकडं ये. धर्माजीकाकाकडं जा. म्हनावं, आजीनं सांगितलंय, बैल जुंप आन गाडी दाराशी आन. जाता जाता शेजारच्या मालनबाईच्या दारात डोकाव. असली तर घेऊनच ये.

आवडी : गाडी कशाला? बाबा येताना जीप आननार नाय?

पारूबाई : जीप सरकारची. तुजा बाबा सायबाला घेऊन चौक गावाला गेलाय, कवा येईल त्याचा नेम नाय. आईला दवाखान्यात दाखवायचंय.

आवडी : बाळ आनायला?

पारूबाई : बाळ बरं हाय का ते बघायला. पळ. रस्त्यात कुनाला सांगत बसू नको.

मैना : पोरीला का सांगितलंत?

पारूबाई : मंग काय सांगू? बाजाराला चाललोय म्हनू? गाडी दारात आली की कळनारच हाय तिला.

मैना : मागच्यालाही असंच झालं होतं. डॉक्टरांनी पोटाला नळी लावली. इकडं लावली, तिकडं लावली. काही बोललेच नाहीत. मग नर्स म्हणाली, मिस्टर आलेत का बरोबर?

पारूबाई : ठावं हाय. मी उशाशी व्हते.

मैना : तुम्हीही बोलला नाहीत काही. एरवी तोंड मिटत नाही तुमचं. मी तुमच्याकडंच बघत होते. म्हटलं, आता म्हातारी काहीतरी खोटं सांगेल. सांगा म्हटलं मनात, काहीही सांगा.

पारूबाई : आलं नाय गं. तवा आलं नाय तोंडाला.

मैना : आत्ताही गप्पच झालात.

पारूबाई : गूळ-पानी पोटात जाऊ दे जरा.

मैना : अजून काही नाही.

पारूबाई : सारखं इचारू नको त्याला. मोठा झाला की तोंड लपवून बसंल, आई लई इचारती म्हनून.

आवडी : आजे! धर्माजीकाका म्हनला, बैल वड्यावर पान्याला गेल्यात, आनतो आन जुंपतो. मालनकाकी वालाच्या शेंगा तोडायला गेलीय. सुनंला सांगून आले, आल्याबरोबर धाड म्हनून.

पारूबाई : शानी गं बाय माजी. बस हितं.

आवडी : आई, दुखतंय का तुला?

मैना : नाही बाळा.

आवडी : मंग आजे, कोंबडीचं पुढं सांग.

पारूबाई : आता नको. आईला पडू दे गुमान.

मैना : सांगा.

पारूबाई : तुला तरास नको कालव्याचा.

मैना : मला कालवा चालेल. तुम्ही गप्प बसलेलं चालणार नाही. सांगा.

पारूबाई : बरं. तर, बाळ झालं. थंडी ही अशी. योसेफ गेला फाटी आनायला. मरिया दमलेली, तिचा डोळा लागला. बाळ गारठलं. गाय आपली फुंकर घालतीय. पन गाईचं तोंड केवढं! फुंकलं की पेंढाच उडून जातोय.

आवडी : मंग बाळ उघडं पडलं?

पारूबाई : उघडं! कोपऱ्यात कोंबडी अंड्यांवर व्हती. तिनं मान वाकडी करून बघितलं. म्हनली, ह्ये एक बाहेर राह्यलं वाटतं. उठली, आली आन बसली बाळावर पंख पसरून.

आवडी : देवावर?

पारूबाई : तिला काय ठावं देव हाय ते? तिला वाटलं अंडं हाय. जरा मोठं निघालंय, एवढंच.

मैना : आत्याबाई, फादरांनी ऐकलं तर वाळीत टाकतील आपल्याला.

पारूबाई : फादरांना मी दोन डझन अंडी धाडीन. तर, तवर ते तिघं राजे आले उंटावरनं. वाकले बाळाला बघायला. कोंबडीनं पैल्यांदा हात बघितले त्यांचे. एकाकडं सोनं. एकाकडं ऊद. एकाकडं गंधरस. मूठभर दाना कुनाकडं नाय! बाळतिनीच्या घरी येतायसा, असं येतात व्हय? सोन्यावाल्याचा अंगठाच धरला तिनं.

आवडी : पायाचा?

पारूबाई : पायाचा. राजा वराडला, पळाला, घाईत उंटावर उलटा बसला. तोंड शेपटीकडं! तसाच गेला आपल्या देशाला. वाटंत लोक इचारायचे, महाराज, असं उलटं का बसलायसा? तर म्हनायचा, तारा मागं राह्यलाय, त्याच्यावर नजर ठिवतोय.

मैना : कसला राजा हो हा! आई गं, हसवू नका... थांबा.

पारूबाई : काय झालं?

मैना : थांबा. बोलू नका.

पारूबाई : कळ आली का?

मैना : नाही... नाही, बोला. त्या राजाचं बोला.

पारूबाई : राजा... राजा चालला... काय म्हनत व्हते मी? उंट म्हनला, महाराज, माजी शेपूट सोडा...

मैना : हललं.

पारूबाई : नक्की?

मैना : हललं, आत्याबाई. हे बघा, बरगडीखाली. हे बघा, परत! लाथ मारली!

पारूबाई : बघू दे. हां... हां. टाच हाय ही. टाचच हाय. करंजी पोचली म्हनायची त्याला.

मैना : हात काढू नका. तिथंच राहू द्या.

पारूबाई : नाय काढत. तू आपली गुमान पड.

आवडी : आजे, धर्माजीकाकाला सांगू का, गाडी नको म्हनून?

पारूबाई : नको कशी? गाडी जानारच. डॉक्टरांनी नळी लावू दे, चार शब्द तोंडानं बोलू दे. मंग आमी परत येऊ. मी येते संगं. मालनबाई आली की पोरांजवळ बसंल.

मैना : आणि करंज्या?

पारूबाई : आल्यावर तळू. नाताळ काय बैलगाडीतनं पळून चाललाय?

मैना : आलं परत. आत्ता अगदी इथं.

आवडी : आये, मी लावू हात? तू कवाच लावू देत नायस. शुक्राला नाय, मला पन नाय.

मैना : हात बघू. काय गं हे! पेंढा, खळ, कोंबडीच्या अंगावरचं सगळं. धुऊन ये आधी.

आवडी : आत्ता आले!

मैना : आवडे, रांजणातलं घेऊ नको, गार आहे. चुलीवरचं घे. दचकेल ते.