एकेचाळीस कुस्त्या

थांबा ताई, ते बटण दाबू नका एवढ्यात! जुनी फाईल टाकली की आत्ताची जाणार, हे कळलं मला, दोनदा सांगितलंत, बहिरा नाहीये मी. मी एवढंच विचारतोय की अर्धं-अर्धं नाही का करता येत? म्हणजे खरे पैलवान आत्ताचे राहू द्यायचे आणि बनवलेले तेवढे जुन्या फाईलमधून आणायचे — नाही? कमाल आहे! गेममध्ये पडद्यावर बघावं तर दोन रांगा वेगळ्या — वरच्या रांगेत खरे पैलवान, टीव्हीवर येतात ते, आणि खालच्या रांगेत आपण घरी बसून बनवलेले — आणि साठवताना मात्र सगळ्यांना एकाच गोणीत कोंबलंय. कुणाचं डोकं हे? तुमचं नाही, ठाऊक आहे हो. तुमच्यावर नाही चिडलोय मी. आवाजच तसा आहे माझा.

किती वाजले? साडेबारा. चारला येणारे ती. कोण म्हणजे? मुलगी माझी, चौदा वर्षांची. आईकडे असते, रविवारी माझ्याकडे येते — म्हणजे यायची. तेवढ्यासाठीच तर आणलं हे मशीन दोन वर्षांपूर्वी. दोन खोल्यांत मी एकटा माणूस, चौदा वर्षांच्या मुलीशी बोलणार काय? अभ्यास कसा चाललाय — बरा. जेवलीस का — हो. झालं, संपलं बोलणं! मग गेम लावायचा. पण माझा एक नियम, पहिल्यापासून — पैलवान खरा घ्यायचा. मी तो टकल्या घेतो, ती मुखवटेवाला घेते, चार कुस्त्या होतात, संध्याकाळ निघून जाते. बनवलेल्यांच्या वाटेला मी कधी गेलो नाही. उंची आपण ठरवायची, ताकद आपणच ठरवायची, आणि मग जिंकला म्हणून टाळ्या पिटायच्या — त्याला काय अर्थ आहे? मी वजनकाटे तपासतो, ताई. वीस वर्षं झाली. वाण्याचा, भाजीवाल्याचा, सोनाराचा — माझा शिक्का बसल्याशिवाय तराजू दुकानात लागत नाही. पाच ग्रॅमचा फरक निघाला तर मी दुकानदाराच्या बापाचं ऐकत नाही. बाजारात दुकानदार लांबून मला बघतात ना, तर माप हळूच सरळ करून ठेवतात. असा माणूस मी.

तर हां, फाईल. ते बनवलेले पुसले गेले ना, ते कसं झालं, की मध्येच लाइट गेली — एकदम गेली हो, आणि परत आली तर — काय? हातानं पुसलेलं दिसतंय? कुठं दिसतंय? तारीखसुद्धा लिहून ठेवतं हे मशीन? वेळही? घरातलं भांडं आहे की पोलिसचौकी?

बरं मग. पुसला. मीच पुसला. एकालाच पुसलंय, बाकीच्यांना हात लावलेला नाही, बघा हवं तर.

काकांना. तिच्या काकांना — म्हणजे काका कसले, तिच्या आईनं केलेला दुसरा नवरा. पोहायला शिकवतो. चष्मा लावतो आणि पोहायला शिकवतो. तर महिन्यापूर्वी तुम्ही पंखा बदलून दिलात ना यातला, तेव्हाच तुम्ही ही जुनी फाईल काढून ठेवलीत — बरं झालं बाई ठेवलीत — ते मशीन मी घरी नेलं आणि सगळं जागच्या जागी आहे ना बघायला पहिल्यांदा त्या खालच्या रांगेत शिरलो. आणि बघतो तर काय, तिथं मी! मी, ताई! 'बाबा' म्हणून. हा असाच, पाच फूट पाच, पोटासकट. पोट तरी कमी करायचं की नाही? एक बोट सरकवायचं असतं फक्त! ताकद अठ्ठावन्न, दम चाळीस, राग पंच्याण्णव. आणि माझ्या शेजारी काका. ताकद चौऱ्याऐंशी. चष्मा केलेला, हनुवटीवरचा तीळ केलेला, बोलताना मान तिरकी करतो ती सवय केलेली. जिंकला की पडलेल्याला हात देऊन उठवतो. तेही निवडता येतं म्हणे.

आणि खाली हिशेब — एकूण कुस्त्या एकेचाळीस. काका जिंकले अडतीस, बाबा जिंकले तीन. म्हणजे मी आत चहा करतोय, तिला आवडतो म्हणून आलं किसतोय, आणि ही बाहेरच्या खोलीत बसून माझ्याच घरात, माझ्याच टीव्हीवर, त्या माणसाच्या हातून मला अडतीस वेळा आपटतेय! आणि तो प्रत्येक वेळी मला हात देऊन उठवतोय! सांगा, तुमचं डोकं नसतं फिरलं?

माझं फिरलं. मी त्याची ताकद दहावर आणली. दमही दहा. मापात माप आणलं म्हणालो. तोंडानं म्हणालो हो, मोठ्यांदा, एकटाच होतो.

पुढच्या रविवारी ती आली, मी मुद्दाम चहाला आत गेलो. बाहेर कुस्ती सुरू झाल्याचा आवाज आला आणि लगेच संपल्याचा. मी दारात येऊन उभा राहिलो. काका आडवे. एका धक्क्यात! ती पडद्याकडे बघत होती. मग तिनं त्या खालच्या रांगेत शिरून त्याचे आकडे बघितले, एकेक, सगळे खालपर्यंत. मला वाटलं हसेल. मी हसायच्या तयारीत उभा — दोन्ही हातांत कप. ती म्हणाली, "बाबा, तू काटा मारलास." एवढंच. मला! रिमोट ठेवला — कंट्रोलर म्हणायचं असतं त्याला, ती सांगते नेहमी — तो ठेवला, चप्पल घातली आणि गेली. मग मी त्याला पुसूनच टाकला. तिथंच, तेव्हाच, चहा गार व्हायच्या आत.

तीन रविवार आली नाही. फोन केला की आई उचलते. तुम्ही विचाराल मग तीन आठवडे काय केलंत — टकल्याला घेऊन खेळलो. रोज, कामावरून आलो की. अहो, जिंकलो की सगळे! पट्टा मिळवलाय, तो सोन्याचा असतो ना मोठा, तो. खऱ्या पैलवानाचा खरा पट्टा. म्हणून म्हटलं, दोन्ही नाही का राहणार.

आणि काल तिचा मेसेज. हा बघा. 'उद्या येते. चारला. गेममधले काका आहेत ना अजून?' त्याच्याखाली मी काय लिहिलंय वाचा. 'आहेत.' दुसरं काय लिहिणार होतो? परत बनवायला बसलो होतो काल. चष्मा जमला. तीळ डावीकडे की उजवीकडे तेच आठवेना. ताकदीचा आकडा आठवतो, पण असे चाळीस आकडे आहेत त्याचे! ते तिनं माणसाकडे बघून बघून लावलेत, मला कुठले जमायला?

उघडली का जुनी फाईल? बघू. हां, हाच. तीळ उजवीकडे होता, बघा. आणि हा मी. एकेचाळीस, अडतीस, तीन — हेच म्हणत होतो. बघितलंत? काय? कुठलं चिन्ह? हे बारीक, नावापुढचं? मला वाटलं अशीच नक्षी असेल. रिमोटचं चिन्ह आहे ते? म्हणजे ज्याच्यापुढे ते, तो माणसाच्या हातातला — आणि समोरचा मशीन खेळवतं.

हे तर माझ्या नावापुढे आहे.

खाली घ्या. अजून खाली. सगळीकडे माझ्याच? एकेचाळीसही? म्हणजे ती काका घेत नव्हती. ती मला घ्यायची. माझे अठ्ठावन्न, माझा चाळीस दम, आणि समोर तो चौऱ्याऐंशीवाला — तेही मशीन सगळ्यात अवघड ठेवून? — आणि हरली की परत मलाच. कमी करता आली असती की तिला त्याची ताकद. एक बोट सरकवायचं. नाही सरकवलं हो तिनं. अडतीस वेळा हरली, पण माप नाही हलवलं.

कोणावर गेलीय, विचारा. विचारा ना.

नाही, पाणी नको. पट्टा जाऊ दे. टकल्या काय, तो कुठला कोण, त्याला मी ओळखतो थोडाच? टाका जुनी. दाबा ते बटण. आणि माझ्याकडे काय बघताय ताई, पडद्याकडे बघा, चुकून भलतंच दाबाल. साडेबारा झाले म्हणालात ना? मग चालवा हात. मला घरी जाऊन आलं किसायचंय.