आतली माया

…हात खाली सोडा काकू, असे सैल, नाहीतर टाचणी टोचेल आणि मग म्हणाल पोरीने भोसकलं — हो हो, ऐकलं मी. तोंडात टाचण्या होत्या म्हणून बोलले नाही. 'अर्धी झालीस गं, काय केलंस काय?' हेच ना? दुपारचं जेवण सोडलं. बाकी काही नाही. पोट आत ओढू नका, नेहमी श्वास घेता तसा घ्या, लेकाच्या लग्नात दिवसभर पोट आत ओढून बसणार आहात का? आणि आतली माया कापायला नको म्हणते मी. ऐका माझं. शिवणीत दोन बोटं कापड जास्त ठेवतो ना, ती माया. दिसत नाही, टोचत नाही, गप पडून असते बिचारी. उद्या अंग भरलं तर उसवायची आणि ड्रेस वाढवायचा. तुम्ही म्हणता, लग्नापर्यंत मीही बारीक होणार, आत फुगवटा नको, कापून टाक. कापलं की गेलं. मग रडून काय उपयोग?

काय म्हणालात? मागच्या खेपेलाही हेच सांगितलं? दुपारचं जेवण सोडलं म्हणून? सांगितलंच असणार. सगळ्यांना तेच सांगते, पाठ झालंय. दूधवाल्याला तेच, शेजारणीला तेच. इकडे वळा. लोकांचं काय आहे ना काकू, मी जाड होते तेव्हाही त्यांचं तोंड चालूच होतं. आमची लेक, बटण, पोटात होती तेव्हा जी अंगाने सुटले ती सुटलेच. ह्याच स्टुलावर उभी राहून एक बाई म्हणाली होती, 'तुम्ही सगळ्यांना शिवता, पण तुमच्या मापाचं कापड कुठल्या गिरणीत मिळतं हो?' आणि मी हसले. गिऱ्हाईक म्हटल्यावर हसावं लागतं. आता उतरले, तर आता निराळं सुरू. 'आजारी आहेस का? घरी काही भांडण? पोटात काही निघालं का गं, खरं सांग?' एकीने तर माझा दंड चिमटीत धरून बघितला — बाजारात वांगी निवडतात ना, तशी. दुसरी म्हणते, 'छान दिसतेस, पण चेहरा ओढल्यासारखा झालाय.' मग छान कशाला म्हणालीस बाई? तिसरी म्हणते, 'चढेल परत, बघशील.' का, मी काय बस आहे चढायला-उतरायला? अंग माझं, आणि शेरे लिहिणार ह्या, तपासणीची वही असल्यासारखे.

नाही, रागावले नाही. रागावले आहे. थांबा, ही बाजू अजून अर्धा इंच आत जाईल.

सगळ्यात पुढे आमच्या जाऊबाई. दारातूनच ओरडल्या, 'अगं बाई, औषधाला उरली नाहीस तू!' आणि मला असं हसू फुटलं, असं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी. त्या गोंधळल्या. मी म्हटलं, वहिनी, औषधानेच उरले नाही हो — आणि बोलून गेले. इंजेक्शन आहे, आठवड्यातून एकदा, पोटात घ्यायचं, डॉक्टरांनी दिलंय. असं सगळं. तर त्या काय म्हणाल्या सांगू? ओठ असे केले आणि म्हणाल्या, 'हात्तिच्या! सुईने होय? मला वाटलं, तू काहीतरी केलंस.'

मला वाटलं, तू काहीतरी केलंस. हे वाक्य मी मशीनवर बसले की मशीनच्या आवाजात मला ऐकू येतं. मला-वाटलं-तू-काही-तरी-केलंस. त्या दिवसापासून मी ठरवलं, आता कोणाला म्हणून सांगायचं नाही. जेवण सोडलं म्हटलं की लोक मान डोलावतात. 'वा, काय निग्रह आहे!' उपाशी राहिलं की कौतुक, औषध घेतलं की चोरी. मग मी चोरीच केली. औषधाच्या दुकानात तो माणूस मोठ्याने विचारतो, 'वजनाचं इंजेक्शन कोणाचं?' मी म्हणते, बहिणीचं. मला बहीणच नाही काकू! चार भाऊ आहेत. घरी आणून फ्रिजमध्ये भाजीच्या मागे लपवते, आणि बाथरूमला कडी लावून टोचून घेते, नळ सोडून. नळ कशाला सोडते विचाराल तर मलाही माहीत नाही. सुईचा काय आवाज होतो?

आता ऐकलंत ना? म्हणजे मी तुम्हाला सांगितलंच की. बघा. जाऊ दे. पण औषधाचं नाव विचारू नका, मी सांगणार नाही. तुमच्या डॉक्टरला विचारा, तुमचं रक्त तपासून तो काय ते ठरवील. मला पहिला महिनाभर फोडणीचा वास आला तरी मळमळायचं, मशीनशेजारी बादली घेऊन बसत होते. हे काही खिरीत घालायची वेलची नाही. आणि वजनासाठी नव्हतंच ते. वजनासाठी होतं, पण वजन उतरवायचं होतं ते साखरेसाठी. माझ्या आईला साखर. ती पण शिवायची, हे मशीन तिचंच. तिची आधी नजर गेली. सुईत दोरा ओवता येईना, म्हणून मी ओवून द्यायचे. शाळेत जायच्या आधी वीस सुया ओवून उशीला टोचून ठेवायच्या, तेवढ्या तिला दिवसभर पुरायच्या. मग वीस पुरेनात. सातवीनंतर शाळा सुटली माझी, ती ह्या स्टुलापाशी. मग तिचा अंगठा कापला, मग पाऊल, आणि मग काय — पन्नाशीसुद्धा बघितली नाही तिने. आणि मला तिसाव्या वर्षी डॉक्टर म्हणतात, तुमचीही साखर वाढली आहे. मी त्यांना एवढंच विचारलं, माझी मुलगी आठ वर्षांची आहे, तिने माझ्यासाठी सुया ओवायच्या का? तेव्हा त्यांनी ते लिहून दिलं. हे 'काहीतरी' नाही का काकू? तुम्हीच सांगा.

आणि मी जेवते. दुपारी जेवते. थोडं जेवते, पण ताट वाढून बसून जेवते. आमची बटण त्या वेळी शाळेत असते, तिला कुठे दिसतं? तिला काय ऐकू येतं, तर आईने दुपारचं जेवण सोडलं, आणि सगळ्या बायका म्हणतात वा वा.

हलू नका. हलू नका म्हटलं ना.

मागच्या आठवड्यात तिचा शाळेचा फ्रॉक उसवायला घेतला. दर सहा महिन्यांनी उसवते, बाजूची माया सोडते, पोरीची जात, वाढतं अंग. तर ती मांडीवर हनुवटी ठेवून बघत होती, म्हणाली, 'आई, ती माया कापून टाक ना. मला नाही लागणार.' मी म्हटलं, अगं वेडे, तू मोठी होशील ना. म्हणते, 'उंच होईन. रुंद नाही होणार.' मला गंमत वाटली! पोर बोलते कशी, असं वाटलं. शेजारणीला सांगून हसलेसुद्धा. आणि सोमवारी शाळेतून तिच्या बाईंचा फोन. मैदानात कवायत चालू असताना खाली पडली. चक्कर. म्हटलं, डबा तर रोज रिकामा येतो हो, घासूनपुसून चाटल्यासारखा! तर बाई म्हणाल्या, डबा तिची मैत्रीण खाते. महिना झाला.

घरी आल्यावर मी ओरडले नाही. विचारलं पण नाही, भीती वाटली. मापाची वही काढली, तुमचंच माप बघायला काढली होती, हा ड्रेस कापायचा होता म्हणून. तर तुमच्या पानामागे, शिसपेन्सिलीने, तिच्या त्या तिरक्या अक्षरात — 'बटण. कंबर. बावीस.' खाली साडेएकवीस. खाली एकवीस. माझी फीत घेऊन स्वतःच मोजत होती, मी भाजी आणायला गेले की. आणि प्रत्येक आकड्यापुढे बरोबरची खूण. बाई देतात ना वहीवर, तशी. स्वतःच स्वतःला दिलेली.

सातवीच शिकलेय मी, फार काही येत नाही, पण आकडे मला कळतात काकू. आयुष्य आकड्यांतच गेलं. किती वेळा मोठ्याने बोलले असेन तिच्यासमोर — छाती छत्तीस, कंबर बत्तीस, आणि बायका वरून म्हणणार, 'अगं बाई, बत्तीस? कमी लिही गं!' ती तिथे त्या कोपऱ्यात अभ्यास करत असायची. कसला अभ्यास करत होती, ते आता कळलं.

आणि तुम्हाला आठवतं का? नाही आठवणार. महिन्याभरापूर्वी तुम्ही माप द्यायला आला होतात. ती शाळेतून आली, तुम्ही तिचा गाल ओढलात आणि म्हणालात, 'आईचा गुण घे गं बटाटे, दुपारचं बंद कर, म्हणजे हे गाल जातील.' चेष्टाच केलीत. मायेनेच म्हणालात. आणि मी — मी हसले. माझ्या तोंडात टाचण्या होत्या, तरी त्या दातांत धरून हसले. बोलायला तोंड नव्हतं, हसायला होतं. तुम्हाला बोल लावत नाही मी. खोटं माझंच होतं, तुम्ही फक्त ते उचलून तिला दिलंत. पण तेव्हा एक टाचणी थुंकून म्हटलं असतं, काकू, आई जेवते, आई आजारी आहे म्हणून औषध घेते — तर काय झालं असतं? तुमच्यासमोर माझी लाज गेली असती. बस, एवढंच गेलं असतं.

डोळे पुसा, ड्रेसवर डाग पडेल.

उतरा आता. हळू, डाव्या बाजूला टाचण्या आहेत. पडद्यामागे जा, ड्रेस काढून खुंटीला लावा — थांबा. पायरीवर चप्पल वाजली. आलीच ती. काकू, एक ऐका. ती आत आली की तिच्याकडे बघून काही बोलायचं नाही. बारीक दिसतेस नाही, गोड दिसतेस नाही, खाल्लंस का ते पण नाही. तिच्या अंगावर एक शब्द नको. कवायतीचं विचारा, पावसाचं विचारा, नाहीतर गप्प बसा, तुम्हाला जमेल ते.

आलीस? दप्तर ठेव. नाही गं, डबा नाही बघत मी, असू दे दप्तरात. हात धू आणि फ्रिज उघड. खालच्या कप्प्यात, पालेभाजीच्या मागे, निळी पेटी आहे बघ. हो, तीच. तुला माहीत होतं? … बरं. ती घेऊन ये. आज आईचा सुई टोचायचा दिवस आहे, आणि आज कडी लावायची नाही. तू बघायचंस. मग दोघी बसून जेवू, मी अजून जेवले नाहीये, तुझ्यासाठी थांबले.

काकू, ड्रेस गुरुवारी न्या. माया कापणार नाही, आधीच सांगते, शिवायचा असेल तर तसाच शिवीन. आणि जाताना दार ओढून घ्या.