ओल्या गवताची गंजी

मंगोलियातल्या हेंती प्रांतात, एका दवाखान्यात ओयुन दुखरा दात धरून सकाळपासून रांगेत बसली होती. पुढच्या बाकावर दोन अनोळखी बायका बोलत होत्या.

“माझा दीर मोठा शहाणा! गवत कापलं आणि ओलंच रचलं.”

“वर ताडपत्री?”

“घट्ट बांधून! म्हणे, दव लागेल.”

“वा रे अक्कल! आत वाफ कोंडणारच.”

“मी म्हटलं, भावजी, कोपरापर्यंत हात घालून बघा. तर हसला. म्हणे, वहिनी, गवताला काय ताप येतो?”

“मग?”

“आठवड्यात धूर! अर्धी गंजी कोळसा, उरलेली कुबट. गायी तोंड लावत नाहीत. वासराखाली अंथरायच्याही लायकीचं नाही. थंडी अडवायला तंबूच्या बुडाशी लावलं, तर घरभर घाण वास.”

“आता हिवाळाभर गायींना काय घालणार, स्वतःची टोपी?”

दोघी खदखदून हसल्या. ओयुन उठून खिडकीशी गेली आणि तिने नवऱ्याला फोन लावला.

“दाम्बा, आपल्या गंजीत हात घालून बघ.”

“दात दुखतोय की डोकं फिरलंय?”

“कोपरापर्यंत घाल.”

फोनवर वारा, पावलं आणि मग गवताची सळसळ ऐकू आली.

“ओयुन, आत हात ठेववत नाहीये गं.”

“शेजाऱ्यांना हाक मार. पाण्याचे कॅन जवळ ठेव, मगच गंजी उपस. मी निघालेच.”

मागे नर्सने तिचं नाव पुकारलं. ओयुन तोवर दाराबाहेर पडली होती.

“बघितलंस? नंबर लागला आणि बाई पळाली!”

“काही माणसांना घाई कशाची करावी, तेच कळत नाही.”