खोल पाण्याची परीक्षा

तरणतलावावर खोल पाण्याच्या परीक्षेची रांग होती. माझ्यापुढे एक दाजी आणि त्यांचा मेव्हणा उभे होते. मी ऐकत नव्हतो, असं म्हणवत नाही.

“नापास झालात, दाजी, तर पुन्हा पोरांबरोबर उथळ पाण्यात.”

“मी कसा होईन? मला पोहण्याचे सगळे प्रकार येतात.”

“पूर्ण?”

“थोडे थोडे. एकाने दमलो की दुसरा सुरू करतो.”

“एक ना धड, भाराभर चिंध्या! माणसाने एकच गोष्ट धरावी आणि तिच्यात मुरावं. मी वर्षभर फक्त बुडी घोटली. थेट तळ गाठतो.”

“वा! आणि वर कसा येतोस?”

शिट्टी वाजली. प्रशिक्षकाने मेव्हण्याला पुढे बोलावलं.

“वर येणं हा वेगळा विषय आहे, दाजी. तो तुम्हाला थोडा थोडा येतो ना?”