पहिल्या मजल्यावरचा समुद्र

...नाही हो, आपलं स्वयंपाकघरातलं मीठ नाही चालत. ते वेगळं मीठ, बादलीतून येतं, ते गाळलेल्या पाण्यात घालायचं, ढवळायचं, मग दुर्बिणीसारखी एक नळी डोळ्याला लावून खारटपणा मोजायचा, आणि हे सगळं करतंय कोण? तर मी, परीक्षा विभागात चौतीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेला गोपाळकृष्ण, ज्यानं उभ्या आयुष्यात कुंडीला धड पाणी घातलेलं नाही. आमचा शौनक आणि सूनबाई सुरुची दोन वर्षांसाठी परदेशी गेले आणि त्यांचा हा काचेच्या टाकीतला चार फुटी समुद्र कर्वेनगरात आमच्या हॉलमध्ये ठेवून गेले. जाताना म्हणाला, "बाबा, काही करायचं नाही. फक्त लक्ष ठेवा."

फक्त लक्ष ठेवा! तुम्हाला सांगतो, आत दोन नारिंगी मासे आहेत पांढऱ्या पट्ट्यांचे, एक निळा आहे, तो माझ्याकडे असा बघतो की जणू मीच त्याचा अर्ज अडवून ठेवलाय, आणि खडकावर प्रवाळ. मला वाटायचं प्रवाळ म्हणजे अंगठीतला खडा. तर नाही, जिवंत असतं ते, बोटं हलवल्यासारखं हलतं, आणि पाणी जरा तापलं की मिटून घेतं. आमच्या हिला, हेमाला, साठ वर्षांत कधी एसी लागला नाही. यांना सव्वीस अंश लागतात.

तर एप्रिलमध्ये एक दिवस सकाळी अकराला लाइट गेली. कोणीतरी रस्ता खोदला होता, खाली केबल तुटली, संध्याकाळपर्यंत येणार नाही म्हणाले. पाण्याचे पंप बंद, थंड करणारं यंत्र बंद, आमचा इन्व्हर्टर महिन्याभरापूर्वीच वारलेला. एक वाजता काटा तिसावर. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले. शौनकला फोन लावला तर तो मीटिंगमध्ये, सुरुचीनं उचलला, तिनं सांगितलं, तांब्यानं पाणी काढायचं आणि वरून धार धरून परत सोडायचं, म्हणजे हवा मिसळते, आणि बर्फाच्या बंद बाटल्या तरंगत ठेवायच्या. हिनं होत्या नव्हत्या तेवढ्या बाटल्या काढल्या. मी स्टुलावर उभा राहून तांब्या चालवतोय, गुडघा कुरकुरतोय, आणि मनात एकच, फक्त लक्ष ठेवा.

अर्ध्या तासानं ही म्हणाली, "अहो, खाली लिफ्टचा जनरेटर चालू आहे. आप्पासाहेबांना विचारा."

आता आप्पासाहेब म्हणजे आमच्या सोसायटीचे चेअरमन, मूळचे मांजरी गावचे, शेतजमिनीवर बिल्डिंगा उठल्यावर इकडे राहायला आलेले. यांची भली मोठी गाडी माझ्या स्कूटरच्या जागेत वीतभर येते, हे मी चारचौघांत टेप लावून मोजून दाखवलं होतं. त्याला चौदा महिने झाले. चौदा महिने आम्ही लिफ्टमध्ये एकमेकांऐवजी आकडे बघतोय. मी हिला म्हटलं, मी नाही जाणार. हिनं नुसतं काचेकडे बोट दाखवलं. त्यातला एक नारिंगी मासा आडवा व्हायला लागला होता.

गेलो हो. ओल्या बाह्यांनी त्यांच्या दारात उभा राहिलो आणि म्हटलं, "आप्पासाहेब, मासे मरतायत. जनरेटरची वायर हवी आहे."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मला वाटलं, आता टेप निघणार. ते म्हणाले, "आन् सर, आत्ता येताय व्हय सांगायला?"

गाडीत शेतावरच्या मोटारीची लांबलचक वायर पडलेली होती, ती त्यांनी स्वतः ओढत आणली, खालच्या प्लगमध्ये खोचली, आमच्या खिडकीतून वर घेतली. पंप सुरू झाला, पण थंड करणाऱ्या यंत्राचा भार जनरेटर घेईना. मग आप्पासाहेबांनी माझ्या हातातून तांब्या घेतला, म्हणाले तुम्ही बसा, आणि उभे राहिले पाणी वरखाली करत. तासभर. मध्येच म्हणाले, "आमच्या हिरीत मासं व्हतं. कुणी काय घालत नव्हतं त्यास्नी. बिल्डरनं हीर बुजवली, तवा मी बगायला गेलो न्हाई." मी बाटल्या बदलत राहिलो. स्कूटरचा विषय दोघांनीही काढला नाही.

पाचला लाइट आली. मासे तिन्ही वाचले. प्रवाळाचा एक कोपरा मात्र पांढराफटक पडला, तो तसाच राहिला. शौनकचा फोन आला, सगळं ऐकून घेतलं, म्हणाला, "थँक्स बाबा. आता परत फक्त लक्ष ठेवा." मी फोन हिच्याकडे दिला.

वाटलं, संपलं. पण आप्पासाहेब रोज चहाला यायला लागले, काचेसमोर खुर्ची टाकून बसायला लागले. आणि गेल्या रविवारच्या सभेत त्यांनी ठराव मांडला, की खाली प्रवेशद्वाराशी सोसायटीचाही एक असाच, सहा फुटी, समुद्र करायचा. एकमतानं मंजूर. मी गुडघ्याच्या डॉक्टरकडे गेलो होतो. संध्याकाळी ठरावाचा कागद सहीसाठी घरी आला, त्यात लिहिलंय, देखभाल: श्री. गोपाळकृष्ण, अनुभवी.

ही म्हणाली, "अनुभवी म्हटलंय निदान."

चौतीस वर्षं नोकरी केली हो, कोणी कागदावर तसं लिहून दिलं नव्हतं... केली सही.